लोधिवलीच्या म्हाताऱ्याची पिशवी

त्या पिशव्या मीच ठेवल्या होत्या, हे आधी सांगून टाकते.

मी कर्जतच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. एम.ए.ला माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण आता शहरातल्या मोठ्या संस्थेत आहे. लोक अनोळखी माणसासाठी कितपत तसदी घेतात यावर दोघींनी मिळून अभ्यास करू, असं तिने सुचवलं तेव्हा मी हुरळून गेले. आमच्याकडे असं काम सहसा कोणाच्या वाट्याला येत नाही. आखणी तिची, इथलं काम माझं आणि शोधनिबंधावर दोघींची नावं, असं ठरलं.

एका कापडी पिशवीत चष्मा, गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठीवर एका म्हाताऱ्याचं खोटं नाव, गाव आणि अभ्यासासाठी घेतलेला मोबाइल नंबर. अशा पिशव्या ठिकठिकाणी विसरल्यासारख्या सोडून यायच्या आणि कोण फोन करतं ते बघायचं. गाव लोधिवली घालू, हे मी सुचवलं. गोळ्या साध्या जीवनसत्त्वाच्या होत्या. ‘हृदयाच्या गोळ्या, एकही दिवस चुकवू नये’ हे चिठ्ठीवर माझ्याच हाताने लिहिलं. संस्थेच्या नीतिसमितीने मंजुरी दिली. खालापूरला एसटी स्टँडच्या बाकावर मी शेवटची पिशवी ठेवली आणि चहा पिऊन परत आले.

दोन आठवड्यांनी कॉलेजच्या शिपायाने निरोप आणला की कडावची एक बाई भेटायला आलीय. तिच्या मुलीला मी शिकवलं होतं. ती मुलगी आता लग्न होऊन खालापूरला असते. बाई दुधाचा धंदा करते. तिच्या हातात माझी पिशवी होती.

“बाई, लेकीकडे गेलते, तवा स्टँडवर घावली,” ती म्हणाली. “म्हाताऱ्याचं औषध हाय. संध्याकाळी जावयानं फोन लावला, कोण उचलीत नाय. मग दुसऱ्या दिवशी लोधिवलीला गेले. घरोघरी विचारलं. त्या नावाचा कोणच नाय म्हणतात. परत एकदा जाऊन आले. तुमी शिकलेल्या, पेपरात देता काय बघा. एकही दिस चुकवू नये लिवलंय त्यात.”

मी पिशवी घेतली. “बघते, मावशी,” एवढंच म्हणाले. खरं सांगायची हिंमत झाली नाही. ती निर्धास्त होऊन निघून गेली.

मी लगेच मैत्रिणीला फोन केला. चिठ्ठीवरच्या नंबरचा मोबाइल तिच्या ऑफिसच्या खणात असायचा आणि दहा ते पाच एवढ्याच वेळात उचलला जायचा, हे मला तेव्हा कळलं.

“खालापूरची शेवटची ना?” तिने कागद चाळले. “तीन दिवसांत संपर्क नाही. ‘परत केली नाही’ मध्ये टाकलीय.”

“अगं, ती दोनदा लोधिवलीला गेली. दूध घालायचं सोडून गेली.”

“गोड आहे गं. पण आपला निकष फोनचा आहे. मधेच बदलता नाही येणार.”

“त्यांनी फोन केला होता. तुम्ही उचलला नाहीत.”

“मिस्ड कॉल संपर्कात धरत नाहीत. तू फार जवळून बघतेयस. हवं तर तळटीप टाकू.”

मावशीच्या दोन फेऱ्यांना ती तळटीप देणार होती. आणि लोक किती तसदी घेतात यावरच्याच आमच्या निबंधात ती बाई बेफिकीर म्हणून मोजली जाणार होती. मी म्हटलं, माझं नाव काढ आणि इथली सगळी माहितीही काढ. नाव काढते, ती शांतपणे म्हणाली, पण माहिती संस्थेची आहे, तशा कागदावर तुझी सही आहे. सही होतीच. न वाचता केलेली.

रविवारी मी कडावला गेले. मावशी गोठ्यात होती. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिने हातातली पेंडीची बादली खाली ठेवली.

“म्हंजे म्हातारा नायच?”

“नाही.”

“आन् ते लिवलंन कोणी?”

“मी.”

तिने बादली पुन्हा उचलली आणि पेंड गाईपुढे ओतली. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“लोधिवलीतल्या बाया अजून शोधतायत,” ती म्हणाली. “मी त्यांना सांगून आले, म्हातारा एकटा पडला असंल, बघा. त्यांना कोण सांगणार?”

“मी सांगते.”

“आत्ताच चला.”

तिने पदराला हात पुसले. लोधिवलीजवळच्या चौक गावापर्यंत एसटीत ती माझ्या शेजारी बसली नाही. लोधिवलीत ज्या ज्या घरी ती गेली होती, तिथे तिने मला नेलं आणि स्वतः अंगणाबाहेर उभी राहिली. प्रत्येक दारात मी तेच बोलले. काही बायका हसल्या. एकीने विचारलं, “आमाला बघून काय मिळालं तुमाला?” दुसरी म्हणाली की तिने माहेरच्या गावातही निरोप धाडला होता, आता तो कसा परत घ्यायचा.

परतताना मावशी एकच वाक्य बोलली. “पुढच्या वेळी कोणाची पिशवी पडलेली दिसली, तर मी उचलू का नको, ते सांगा.”

निबंध छापून आला. माझं नाव नाही, तळटीपही नाही. खालापूरचे लोक फोन कमी करतात, असं त्यात नीट वाक्यांत लिहिलंय. मी संपादकांना सविस्तर पत्र पाठवलं. मिळालं, एवढंच उत्तर आलं. मैत्रिणीशी बोलणं बंद आहे. तिचं तिथे काही अडलेलं नाही.

प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, एवढ्या मोठ्या संस्थेचं काम का सोडलंत. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, इतकं काय मनाला लावून घ्यायचं? कोणाचं नुकसान तर झालं नाही ना?”

“झालं,” मी म्हणाले आणि तासाची घंटा व्हायच्या आधीच वर्गात जाऊन बसले.