गाठ ऐकून हसलेल्या अक्का

मंडळी, मी जळगावात मेंदूची ऑपरेशनं करतो. डोक्यात गाठ आहे म्हटल्यावर हसलेला पेशंट आज पहिल्यांदा पाहिला.

चोपड्याकडच्या अक्का. कापूस वेचायला वाकल्या की डोकं फुटायला यायचं, आडव्या झाल्या की उतरायचं.

एमआरआय आला. त्यांचे थोरले दीर, नाना, अक्कांना बाहेर बसवून एकटेच आत आले. हात जोडून म्हणाले, "तिले काही सांगू नका, साहेब. घाबरी जाई ती."

आपल्याकडे हे नेहमीचंच. जिचं डोकं, तिलाच पत्ता नाही! मला चीडच आली. अक्कांना आत बोलावलं.

फिल्मवर बोट ठेवून सांगितलं, "अक्का, ही गाठ क्वचितच कुणाला होते, पण साधी आहे, कॅन्सर नाही. मेंदूतलं पाणी वाहतं त्या पोकळीत ती बसलीय. तुम्ही वाकलात की वाट अडते, पाणी तुंबतं, म्हणून डोकं दुखतं. ठेवली तर जीवावर बेतेल. दुर्बिणीतून काढून टाकू."

अक्का फिल्मकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे डॉक्टर, हाई सोंग नही शे ना?"

आणि हसल्या. डोळे मात्र भरलेले. काम दिसलं की हिचं डोकं दुखतं, असं घरात सगळे म्हणत, हे त्यांनीच सांगितलं. नाना खाली बघत होते.

ऑपरेशन ठरलंय. बऱ्या होतील अक्का.

तुमच्या घरात कुणाचं दुखणं असं फिल्मवर दिसायची वाट बघतंय?