चतुर्थीचा कंद

आईची वेणी घालायला बसले आणि फणीबरोबर केसांचा झुपकाच हातात आला. पुन्हा फणी फिरवली, पुन्हा झुपका. मी फणी खाली ठेवली. "काहून थांबली वं?" आई म्हणाली. मी झुपका मुठीत लपवला.

घरात चतुर्थीचा उपास एकटी आईच करायची. त्या माघात बाबांनी पारशिवनीकडच्या आमच्या शेताच्या बांधावरून कंद खणून आणले, तिने उकडून खाल्ले. त्यात एक विषारी कळलावीचा निघाला. पावसाळ्यात तिची लाल-पिवळी फुलं शेंबडं पोरही ओळखतं; माघात वेल वाळल्यावर कोण ओळखणार? संध्याकाळपासून उलट्या आणि जुलाब. नागपूरला धंतोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिचे डोळे खोल गेले होते. सलाइनवर ती सावरली. मग बाबांसह तिथल्याच माझ्या खोलीवर आणली, तर माझ्या वरणाला नावं ठेवू लागली. सुटलो एकदाचे, असं आम्हाला वाटलं; आणि दहा-बारा दिवसांनी हा झुपका.

मी तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते. कळलावीतलं हेच विष कांद्याच्या मुळांना देऊन आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो. पेशी एकाची दोन व्हायला निघते, पण गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे धागेच तयार होत नाहीत. ती मधेच अडकते आणि पुष्कळदा मरते. मी त्याची सुबक चित्रं काढली होती, शाबासकीही मिळवली होती. तेच आता माझ्या आईत घडलं होतं! आणि रक्तसुद्धा अशाच सतत दुभंगणाऱ्या पेशींतून बनतं, हे आठवल्यावर मी बाबांना घेऊन, तिला रिक्षात घालून दवाखाना गाठला.

डॉक्टर तिचं डोकं पाहून चक्क हसले. मला संताप आला. रक्त तपासून ते म्हणाले, "भराभर वाढणाऱ्या पेशींना हे विष आधी मारतं. आतडं, रक्त, केसांची मुळं. पण मुळं बिघडल्यावर केस गळायला वेळ लागतो, आणि तेवढे दिवस सगळे जगत नाहीत. रक्त सुधारलंय. जिवावरचं शेपटावर निभावलं, बाई. केस परत येतील."

बाबा बाकावर बसले. आईने पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि त्यांच्याकडे पाहत राहिली.

"म्हंजे मी मरून राहिली होती? आन तुमी मले हगवण लागली म्हणून सांगून राहिले होते?"

बाबांनी तिच्याकडे हात पुढे केला, तिने तो बाजूला सारला.

"सांगतलं असतं त मी माह्या मायले एकडाव डोळे भरून पाहून घेतलं असतं."

तिच्या मायला आम्ही साधं कळवलंही नव्हतं.