लिंडा ऑलिव्हर नावाची भीती

माझी धाकटी बहीण हर्लिंडा गायला उभी राहण्याआधी उलटी करायची. लग्न असो की चर्चची जत्रा. आई म्हणायची, "ही पोरगी एक दिवस भीतीनंच मरेल." पण गाणं सोड म्हटलं की ती आईशी बोलणं टाकायची.

आमचं गाव टेक्सासच्या दक्षिण टोकाला. नदी ओलांडली की मेक्सिको. कापूस वेचताना मुकादमाच्या ट्रकमध्ये गोऱ्यांची कंट्री गाणी लागायची आणि घरी बाबांचं अकॉर्डियन. हर्लिंडाच्या गळ्यात दोन्ही मिसळली. पहिलं कडवं इंग्रजीत, दुसरं स्पॅनिशमध्ये, मधे माझं अकॉर्डियन. एका छोट्या कंपनीनं तिची तबकडी काढली, पण स्पॅनिश कडवं कापलं आणि हर्लिंडा ओलिवारेसची केली लिंडा ऑलिव्हर. उत्तरेकडे गाणं गाजलं. तिकडच्या एका गावानं तिला नाचाच्या हॉलमध्ये बोलावलं. गाणारी मेक्सिकन आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

हॉलच्या मालकानं आम्हाला दारातच अडवलं. "भांडी घासायला आलात ना? मागच्या दारानं जा."

"मी लिंडा ऑलिव्हर."

त्यानं आमच्या मागं नजर टाकली. बाहेर तिकिटाला रांग लागली होती. "गा. पण इंग्रजीत. मागे एकानं ऐकलं नाही. पुढं पार्किंगमध्ये त्याचं जे झालं, त्याला मी जबाबदार नाही."

हर्लिंडा संडासात गेली ती बाहेर येईना. मी दार ठोठावलं. "हर्ले, चल, घरी जाऊ."

"मानो, दारात माणसं उभी आहेत का?" मोठ्या भावाला ती मानोच म्हणायची.

"आहेत."

"मग घरी तरी कसे जाणार?"

ती स्टेजवर आली. कुणीतरी शीळ घातली, कुणी हसलं. माझी बोटं घामानं बटणांवरून घसरत होती. पहिलं कडवं तिनं कसंबसं ओढलं. पुढं तेच परत म्हणायचं, असं आमचं ठरलं होतं. पण भीतीनं तिला इंग्रजी शब्दच आठवेनात. तोंडातून आलं ते स्पॅनिश.

मागच्या टेबलावरचे चौघं उठले. मी वाजवायचं थांबवलं. ती थांबली नाही. डोळे गच्च मिटून नुसत्या आवाजावर गात राहिली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी नवऱ्याला ओढून नाचायला निघाली. आणखी दोन जोडपी उठली. बाकीचे हाताची घडी घालून बसून होते. ते चौघं बाहेर गेले, आणि मला जास्त भीती वाटली ती त्याचीच.

बाहेर आमच्या गाडीची पुढची काच फुटली होती. तशाच गाडीतून आम्ही निघालो. वारा तोंडावर आदळत होता आणि एक ट्रक कितीतरी मैल आमच्या मागं होता. हर्लिंडा माझी बाही धरून बसली होती. एका फाट्यावर तो ट्रक वळला. तेव्हा ती रडली.

कंपनीवाला फोनवर ओरडला, "डोकं फिरलंय का तुझं?"

"पुढच्या तबकडीवर माझं खरं नाव घाला," ती म्हणाली. "नाहीतर नको."

त्यानं फोन आपटला. पुढची तबकडी आमच्याच गावातल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं गॅरेजमध्ये काढली, दोन्ही कडव्यांसकट. त्यानंतर वीस-बावीस वर्षं ती गायली, उत्तरेकडेही. भीती काही गेली नाही. जिथं जाईल तिथं ती आधी मागचं दार कुठं आहे ते बघून यायची, आणि मग गायची.