वाळेपर्यंत थांबणारे मेश्राम काका

मेश्राम काका नव्या गाडीला सगळ्यात आधी आंघोळ घालायचे. गाडी म्हणजे वीतभर लांबीची, प्लास्टिकची, आणि तीही अजून गाडी न झालेली. खोक्यात नुसते सुटे भाग असत, प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले: दारं, चाकं, आरसे, तांदळाच्या दाण्याएवढे दिवे. काका ते सगळं परातीत घेऊन साबणाच्या कोमट पाण्यात दातांच्या जुन्या ब्रशनं हलकेच घासायचे आणि ओट्यावर पंचा पसरून वाळत घालायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा नातवंडांची खेळणी धुतोय.

"साच्यातून निंगते तवा तेलकट रायते हे," मी न विचारताच ते म्हणाले. "तेलावर रंग बसत नाही. तू कोण? वरच्या खोलीतला नवा?"

"व्हय," मी म्हणालो.

"व्हय!" त्यांनी आत हाक मारली, "अवो, ऐकलं का? सांगलीकडचा पोट्टा आला. व्हय म्हणते!"

मी आटपाडीकडचा. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. गलाई म्हणजे सराफांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. मी नववीत शाळा सोडली, मामाच्या हाताखाली हे काम शिकलो आणि चोविसाव्या वर्षी रायपूरला सदर बाजारात एका भट्टीवर लागलो. राज्य नवं, राजधानी नवी. लाल दिव्यांच्या गाड्या दिवसभर कुठून कुठे धावायच्या कोण जाणे, आणि मला मात्र एसटीडीच्या खोक्यात उभं राहून आईशी बोलतानाही घाम फुटायचा. खोली बूढापारा नावाच्या वस्तीत मिळाली, काकांच्या डोक्यावरची. त्या गावात माझ्याशी मराठीत बोलणारं ते पहिलं घर. माझं सुदैव की खोली दुसरीकडे मिळाली नाही.

काका रेल्वेच्या कारखान्यात डब्यांना रंग देत देत निवृत्त झाले होते. चाळीस वर्षं मोठमोठ्या डब्यांना रंग दिला, आता लहान गाडीला देतो, असं सांगायचे. रायपूरच्या दुकानांत असली खोकी मिळत नसत. परदेशात नोकरीला असलेला पुतण्या वर्षातून एक आणायचा आणि काका ते एक खोकं वर्षभर पुरवायचे. मेश्राम काकू म्हणायच्या, "साठीचा झाला, तरी गाड्या खेळून राहिला माणूस."

"खेळून नाही राहिलो, बनवून राहिलो," हे काकांचं ठरलेलं उत्तर.

संध्याकाळी कामावरून आलो की मी त्यांच्या ओट्यावर बसायला लागलो. आधी नुसता बघायचो. मग एक दिवस त्यांनी माझ्या हातात कटर दिलं. तुकडा चौकटीपासून कापताना अगदी लगत कापायचा नाही. थोडं देठ ठेवायचं, मग ते पात्यानं तासायचं, मग पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरनं घासायचं. मी घाईनं लगत कापलं आणि दाराच्या कडेला खड्डा पडला. माझे कान तापले. काका पुट्टीची डबी पुढे सरकवत म्हणाले, "काहून घाबरून राहिला बे? लांबी भरू. भराले लांबी, घासाले कागद. देवानं... आमच्यात देव नाही, पण ज्यानं बनवली त्यानं चुकणाऱ्यासाठीच बनवली लांबी."

गोंद लावण्याआधी प्रत्येक भाग दहा वेळा नुसता बसवून पाहायचा, हा त्यांचा नियम. "नुसतं लावून पाह्य. बसते? मंग काढ. अजून लाव. गोंद लावल्यावर विचार कराचा नाही, विचार आधी कराचा." पातळ गोंद ते ब्रशच्या टोकानं सांध्यावर फक्त टेकवायचे, तो आपोआप फटीत ओढला जायचा. समोरच्या काचेला मात्र सुतारी पांढरा गोंद. झटपट चिकटणारा लावला की त्याच्या वाफेनं काच धुकट होते. मला हे सगळं ऐकताना शाळेत कधी नव्हतं तेवढं समजायचं.

रंगाच्या बाबतीत ते सगळ्यात कडक. आधी करडा अस्तराचा रंग, मग खरा रंग, पातळ पातळ चार हात, आणि दोन हातांच्या मध्ये पूर्ण एक दिवस. गाडीबरोबर एक मोडका चमचाही ते त्याच वेळी रंगवायचे. रंग वाळला की नाही ते चमच्याला बोट लावून बघायचं, गाडीला नाही. "बोटाले वाटते वाळला. रंगाले तसं वाटत नाही," ते म्हणायचे.

त्या वर्षीची गाडी लाल होती, दोन दारांची, बसक्या छताची. ती नातीसाठी होती. नात रूही भिलाईला राहायची, तिचा दहावा वाढदिवस श्रावणात, आणि काकांनी तिला शब्द दिला होता. पण पाऊस हटेना. दमट हवेत मारलेल्या रंगावर पांढरट साय आली. काकांनी तो हात घासून काढला आणि थांबले. चार दिवसांनी ऊन पडलं तेव्हा पुन्हा मारला. वाढदिवसाला सात दिवस उरले असताना त्यांना एका लग्नासाठी काकूंसोबत दोन दिवस नागपूरला जावं लागलं. गाडीचा लाल सांगाडा धूळ बसू नये म्हणून डब्याखाली झाकून ठेवला. किल्ली माझ्याकडे दिली. "खिडक्या लावून घेजो. बाकी काही करू नको."

मी खिडक्या लावल्या. मग चमच्याला बोट लावलं. चिकट होता. बाहेर पाऊस. मला वाटलं, काका आल्यावर गाडी खडखडीत वाळलेली दिसली तर किती खूश होतील. आमच्या भट्टीजवळ हातभर अंतरावर एक फळी आहे, पावसाळ्यात आम्ही ओले शर्ट तिच्यावर टाकतो, तासाभरात कोरडे. मी गाडी डब्यासकट सदर बाजारात नेली, फळीवर ठेवली आणि डबा काढला. तेवढ्यात वितळवायला चांदीचा मोठा घाणा आला. तासाभरानं मान वर केली तेव्हा गाडीचं छत मधोमध खाली बसलं होतं, पोळीसारखं मऊ होऊन.

सांगायला लाज वाटते, पण मी त्या दिवशी बॅग भरली. नववीत प्रयोगशाळेतलं एक काचेचं भांडं माझ्या हातून फुटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो नाही, तिसऱ्या दिवशी नाही, मग गेलोच नाही. कुणी मारलंही नसतं कदाचित. आता तसंच होणार होतं. किल्ली शेजारी द्यायची आणि सकाळच्या गाडीनं निघायचं, एवढंच ठरवायचं राहिलं होतं. पण किल्ली द्यायला कुणाकडे जाणार? जो तो विचारणार, काका कुठायत, तू कुठं चाललास. त्या एका अडचणीनं मी राहिलो. धैर्यानं राहिलो म्हणालो तर खोटं होईल.

काका आले. मी गाडी त्यांच्या पुढ्यात ठेवली. जे झालं ते सगळं एका दमात सांगितलं, आणि बॅगेचंही सांगून टाकलं.

काकांनी गाडी डोळ्यांजवळ धरली. खाली बसलेल्या छतावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "भट्टीजवळ?"

"व्हय."

"सोनं समजला का बे याले?"

काकू आतून हसल्या. काका हसले नाहीत. त्यांना वाईट वाटलं होतं, ते त्यांनी लपवलं नाही. "पाच दिवसात दुसरी येत नाही," ते म्हणाले. "मले आज काही सुचत नाही. जाय. उद्या ये." मी जिन्याकडे वळलो तशी मागून हाक आली, "बॅग रिकामी करजो आधी!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी छताच्या खांबांवर चिकटपट्टी लावून रेघ आखली होती. माझ्या हातात बारीक करवत दिली. "काप."

"मी?"

"मंग कोण? छत तूच बसवलं न खाली."

मी करवत रेघेवर टेकवली. "श्वास सोड, मंग ओढ," एवढंच ते म्हणाले. चारी खांब कापायला मला दीड तास लागला. समोरच्या काचेची चौकट तेवढी ठेवली. छत गेलं तसं आतलं सगळं उघडं पडलं, जे एरवी कुणाला दिसलं नसतं. मग आम्ही आसनं पुन्हा काढून तपकिरी रंगवली, शिवणीच्या रेघांत पातळ काळा रंग सोडला, स्टिअरिंग नीट केलं. शेवटचा लाल हात काकांनी ऊन बघून दुपारी मारला आणि तीन दिवस डबा उचलू दिला नाही.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजून सदर बाजारातच आहे, भट्टी आता माझी आहे. त्यांची आठवण आली की मला वाढदिवसाचा तो दिवस दिसतो. भिलाईची मंडळी आली होती, घर भरलं होतं. रूहीनं डबा उचलला, गाडी सगळीकडून फिरवून पाहिली आणि विचारलं, "नानाजी, इसकी छत किधर है?"

"काढलं," काका म्हणाले. "तुले हवा लागाले पाह्यजे न."

सगळे हसले. तिथेच संपलं असतं. कुणी मला विचारलं नव्हतं. पण मी भिंतीला टेकून उभा होतो तो पुढे आलो आणि माझ्या मोडक्या हिंदीत म्हणालो, "बेटा, वो मेरे से खराब हुआ. नानाजी ने ठीक किया."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि रूहीला म्हणाले, "खोटं बोलून राहिला हा. बिघडवली याने, हे खरं. पण ठीक बी यानेच केली. मी नुसता बसून होतो."