किसनाजींची मिशी आणि कर्नलचा कान

किसनाजी रोज सकाळी उठले की आधी सशाला सलाम ठोकत. खराखुरा फौजी सलाम. टाचा जुळवून, छाती काढून, धोतराचा सोगा एका हातात सावरून. "कर्नलसाब, रात ठीक गेली?" असं खणखणीत आवाजात विचारत. समोर बांबूच्या खुराड्यात राखाडी रंगाचा, मांजराहून दांडगा, हातभर कानांचा ससा बसलेला असे. तो एक कान हलवी. मग किसनाजी मिशीला पीळ देत आणि दिवस सुरू होई.

हा सोहळा मी पहिल्यांदा पाहिला तो दोन अंगणांमधल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, कुडावरून. हिंगणीत संसार मांडून मला तीन दिवस झाले होते. मी धावत घरात आले आणि ह्यांना म्हटलं, "अहो, शेजारी वेडा माणूस राहतो!" हे गावातल्या शाळेत मास्तर. दाढी करता करता म्हणाले, "वेडा नाही, किसनाजी. फौजेत होते. सशांची नवी जात काढतायत, घरच्या घरी मटणासाठी."

मटण! माझं माहेर पवनारचं. घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर. शिवाय मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक पास, आणि माझं स्वतःबद्दलचं मत अतिशय चांगलं. जगातल्या बहुतेक गोष्टी लोकांना चुकीच्या ठाऊक असतात आणि त्या दुरुस्त करायला आपला जन्म आहे, अशी माझी पक्की समजूत होती. आता त्या मुलीची आठवण झाली की वाटतं, जवळ बसवून तिचा कान पिळावा.

चौथ्या दिवशी मी किसनाजींना उपदेश करायला गेले आणि येताना त्यांच्या सशांच्या नोंदी लिहायची वही घेऊन आले. कसं झालं ते मलाही कळलं नाही. त्यांनी बोलायला सुरुवात केली, एवढंच आठवतं. "मास्तरीनबाई, तिकडं लढाईत एका म्हातारीच्या घरात बसलो होतो आमी. इटलीची गोष्ट सांगून राह्यलो. घरावर छप्पर नाई, पोत्यात दाना नाई. पन चुलीमागं चार ससे होते. तिनं आमाले पोटभर जेवू घातलं. तवाच ठरवलं, आपल्या गावात हेच कराचं." मग त्यांचं आवडतं वाक्य आलं, जे पुढे मी शंभरदा ऐकलं: "बोकड कापला का गाव पाह्यजे. कोंबडी कापली का पाव्हना पाह्यजे. ससा कापाले फक्त भूक पाह्यजे!"

गावातले मजूर वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, मटण खात. श्रावणभर पाळलेलं त्या दिवशी सुटे. पलीकडचे लक्ष्मणराव बोकड कापत आणि हिस्से वाटत. ज्याला हिस्सा परवडत नसे तो रश्शाच्या वासावर भाकरी खाई. किसनाजींना हे बघवत नसे. पण कर्नल आणि त्याच्या जातीची मादी, जी त्यांना नागपूरकडच्या एका विलायतेला परतणाऱ्या गोऱ्या पाद्र्याकडून मिळाली होती, त्यांची पिल्लं भारी हळू वाढत. दिसायला दांडगी, आत सगळी हाडं. लक्ष्मणराव भर चावडीवर विचारत, "काऊन किसनाजी, औंदा कानाचीच भाजी का?" मग उन्हाळ्याच्या तोंडाशी ती मादी गेली. किसनाजींनी कुठून तरी गोदी आणली. पांढरी, आखूड, नुसता लोण्याचा गोळा. "बापाचं कद, मायचं मास," ते हात चोळत म्हणाले. "हे दोन जमले का पाहा तुमी, बाई!" आणि चावडीवर जाऊन त्यांनी पैज लावली. येत्या करीला आमच्या ओळीतल्या अकराही घरांत गोदीच्या पिल्लांचं मटण शिजेल, आणि एकही पिल्लू तीन शेरांखाली भरणार नाही. भरलं तर मिशी उतरवू.

ती मिशी काय साधी होती! दोन्ही टोकं गालांवरून वर चढून कानांची चौकशी करत. त्यांची बायको सरूबाई म्हणायची, "ह्यायनं माह्यावर जेवढं तेल नाई घातलं, तेवढं मिशीवर घातलं."

गुढीपाडवा झाला आणि किसनाजींना केळझरला लेकीकडे जावं लागलं. जाताना मला बजावलं, "उद्या सकाळी गोदीले कर्नलच्या खुराड्यात सोडजा. ध्यानात ठेवजा, मादी नराकडं नेतेत. नवरी सासरी जाते ना, तसं."

तसं! हाच शब्द मला झोंबला. लग्न होऊन मला दोन महिने झाले होते. धाम नदीचं पाणी, आईची हाक, आमच्या दारावरून वर्ध्याकडे जाणारी मोटार, सगळं सारखं डोळ्यांपुढे यायचं. सासरी जायचं ते बाईनंच का? माणसांत एक वेळ चालू द्या, पण सशांतसुद्धा? रात्रभर मी स्त्रीजातीच्या अन्यायावर विचार केला आणि सकाळी सुधारणा अंमलात आणली. कर्नलला दोन्ही हातांनी उचललं, धापा टाकत नेलं आणि गोदीच्या खुराड्यात सोडलं. म्हटलं, "बसा जावईबापू."

पुढं जे झालं ते फार तर एक मिनिट चाललं. लोण्याचा गोळा वाघीण झाला. गोदीनं मागच्या पायांनी लाथ हाणली, कर्नल भिंतीवर आपटला, ती त्याच्या अंगावर चढली आणि तिनं त्याचा डावा कान धरून टरकन फाडला. केसांचा नुसता कापूस उडाला. मी किंचाळत होते, सरूबाई केरसुणी घेऊन धावत आली. "अवो बाई, तिच्या घरात काऊन घुसवला त्याले? मादी आपल्या जागेत कोनाले येऊ देत नाई!" नियम का होता ते मला कान फाटल्यावर कळलं. शिकलेल्या माणसाचं असंच असतं.

किसनाजी आले. मी पदर तोंडात कोंबून उभी. त्यांनी कर्नलचा कान पाहिला आणि हळद भरली. संध्याकाळी चावडीवर लक्ष्मणरावांनी विचारलं, तर म्हणाले, "माह्याच हातून घोटाळा झाला." सगळी चावडी हसली. "फौजी झाला, पन नवरी कोन, नवरदेव कोन, समजत नाई!" हे माझ्या कानांवर आलं तेव्हा मला जेवण गेलं नाही. खरं तर गेलं, पण नेहमीपेक्षा एक भाकरी कमी.

कर्नल पंधरा दिवस कोपऱ्यात तोंड लपवून बसला. पांढरं काही दिसलं की थरथरे. ह्यांच्या नव्या धोतरालासुद्धा! आणि ऊन तर रोज चढत होतं. "वैशाखाचा तडाखा बसला का नर कामाचा राह्यत नाई," किसनाजी पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले. आपल्यामुळे त्या मिशीवर वस्तरा फिरणार, या विचारानं मी वेडीपिशी झाले. माहेरून आलेला मातीचा मोठा रांजण मी कुडापलीकडे ढकलत नेला. न्हाणीजवळच्या गार कोपऱ्यात रांजण, मडकी, ओली पोती आणि मधोमध कर्नल. दिवसाकाठी विहिरीच्या वीस-वीस फेऱ्या. हे म्हणायचे, "माझ्या अंघोळीला एक बादली ठेवशील का? की मीही ससा होऊ?"

पंधरा दिवस सरले आणि भल्या पहाटे किसनाजींनी कर्नलचं नाक, डोळे, पाय तपासले आणि मला म्हणाले, "आना नवरीले." मी गोदीला ओटीत घेऊन गेले. तिच्या कानात पुटपुटले, "जा बाई, सगळ्याच जातात." तिनं कर्नलला हुंगलं. कर्नलनं दोन पावलं मागं घेतली, मग एक पुढं. आणि क्षणात काहीतरी झालं आणि कर्नल धाडकन एका कुशीवर आडवा पडला, पाय ताठ!

"मेला!" मी बोंब ठोकली. "किसनाजी, मारला हो तिनं!"

किसनाजी पोट धरून खाली बसले. मिशी हसण्यानं उभी-आडवी होत होती. "मेला नाई, बाई! जमलं! नर असाच पडते!" सरूबाईनं पदर तोंडाला लावला. मी आयुष्यात एवढी लाजले नव्हते आणि एवढी खूशही झाले नव्हते.

बरोबर एकतिसाव्या दिवशी, ऐन नवतपात, म्हणजे उन्हाच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, गोदीनं छातीवरचे केस उपटून राकेलच्या डब्यात गादी केली आणि आठ पिल्लं घातली. एक पहिल्याच दिवशी गेलं. बाकीच्या सातांसाठी आम्ही दिवसभर पोती भिजवली. किसनाजींचा दंडक होता की पाळायच्या नरमादीलाच नाव द्यायचं, बाकीच्यांना नंबर. "नाव ठेवलं का नातं लागते, आन् नातं लागलं का सुरी चालत नाई." मी मान डोलावली आणि वहीत दर नंबरापुढे बारीक शिसपेन्सिलीनं नाव लिहिलं. किसनाजींना वाचता येत नव्हतं, मग भीती कसली? नावंही दूरची नव्हती, सगळी माझ्या सासरची. जो सगळ्यांच्या ताटात तोंड घाली तो मामंजी. जी सारखी फुरफुरे ती सासूबाई. आणि सातवा, सगळ्यात लहान, मऊ, खाण्यात लक्ष नसलेला, तो 'हे'.

आषाढ गेला, श्रावण गेला. तुरीची चुनी, लसूणघास, भुईमुगाचे वेल खाऊन पिल्लं टेकडीसारखी फुगली. करीची सकाळ उजाडली. किसनाजींच्या अंगणात काटा टांगला. अकरा घरांची माणसं, लक्ष्मणराव, आणि वस्तरा पाजळत न्हावीदेखील. वही वाचायला कोण? मास्तर. हे चष्मा पुसून उभे राहिले आणि मला शिसपेन्सिलीची नावं आठवली.

"नंबर एक," ह्यांनी सुरुवात केली, आणि थबकले. "नंबर एक… मामंजी?" काटा थांबला. "साडेतीन शेर!" न्हावी खुदकन हसला. "नंबर दोन, सासूबाई. साडेतीनच्या वर!" आता सगळेच हसायला लागले. सरूबाई तर भिंतीला धरून उभी. तीन, चार, पाच, सहा, सगळे तीन शेरांच्या वर. लक्ष्मणरावांचं तोंड उतरत चाललं होतं. मग सातवा. हे वहीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "नंबर सात," एवढंच म्हणाले. पुढचं नाव वाचलं नाही.

काटा हलला, डुलला, आणि थांबला. तीन शेराला दोन छटाक कमी.

किसनाजी पुढं झाले, पाटावर बसले आणि न्हाव्याला म्हणाले, "ये बाप्पा. जबान म्हंजे जबान."

मी घुंगट, रीत, सगळं विसरले. "थांबा!" मी ओरडले. "चूक माझी आहे. कर्नलला गोदीकडे मी नेलं. ते पंधरा दिवस माझ्यामुळे गेले. मिशी नका कापू!"

किसनाजी पाटावरून उठले नाहीत, नुसती मान वळवली. "चूक तुमची नाई, मास्तरीनबाई. माहीच. दोन महिन्याच्या नव्या नवरीलेच मी दुसरी नवरी सासरी धाडाले सांगतलं. तिच्या मनाले काय होईन, याचा इचार मीच नाई केला."

मी सगळ्यांसमोर रडले. घर सोडल्यापासून पहिल्यांदा, धड, पोटभर. ह्यांनी चष्मा काढून पुन्हा पुसला.

लक्ष्मणराव खाकरले. पैजेत बोकडासारखाच अडून बसणारा माणूस, पण मोजमापाला चोख. "पंधरा दिवस उशीर झाला असन, तर पंधरा दिवसाची मुदत देनं आलं. मिशीले मुदत. पन एक दिवस वर नाई!"

त्या दिवशी एक मादी पाळायला ठेवून किसनाजींनी बाकीच्या पाचांना एकट्यानं परसात नेलं. कोणाला येऊ दिलं नाही. प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवून "माफी देजो" म्हणालेले मात्र मला कुडापलीकडून ऐकू आलं. दुपारी अकरा घरांतून एकच वास आला. ज्यांनी वर्षानुवर्षं वासावर भाकरी खाल्ली, त्यांच्या पोरांनी हाडं चोखून दाखवली. नातवंडं मला विचारतात, "आजी, तू रस्सा चाखलास का गं?" म्हातारीला सगळंच विचारायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "महालक्ष्म्या आल्यात. जा पवनारला, चांगली पंधरा दिवस राहून ये." ज्या शब्दांसाठी मी रात्रीच्या रात्री कूस बदलली होती, ते शब्द! आणि मी, महामूर्ख, म्हणाले, "आत्ता कशी जाऊ? सातव्याला कोण भरवेल?" मी गेले नाही. सकाळ-संध्याकाळ कोवळा लसूणघास हातानं चारला. पंधराव्या दिवशी लक्ष्मणरावांनी स्वतः काटा धरला. सव्वातीन शेर! किसनाजींनी मिशीला असा पीळ दिला की टोकं डोळ्यांत गेली असती. कर्नलला सलाम ठोकला आणि मग वळून, टाचा जुळवून, मला. लक्ष्मणराव जाताना हळूच म्हणाले, "किसनाजी, एक जोडी मले बी देजा." सातवा मात्र नातं लागल्यामुळे सुरीतून सुटला आणि म्हातारा होऊन मेला.

मग ह्यांची बदली झाली. निरोपाला किसनाजी मोटारीपर्यंत आले. डोळे ओले, मिशी कडक. "नव्या गावी काई बी सुधारजा बाई," म्हणाले, "पन सशाले हात नका लावजा."

सात-आठ वर्षांनी एका सकाळी दारात हाक आली, "मास्तरीनबाई!" बाहेर आले तर किसनाजींचा मुलगा उभा. हातात टोपली, टोपलीत एक पांढरी मादी, कान कर्नलसारखे लांब. मी "ये रे, बस" म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठावर मिशी नव्हती. त्याच्या घराण्यात पुरुषाचा वरचा ओठ मी कधी उघडा पाहिला नव्हता. काही सांगावं लागलं नाही.

"मिशीसकट गेले," तो म्हणाला. "मायनं शेवटच्या दिवशी बी तेल लावून देलं होतं. आन् हे तुमच्यासाठी धाडलं. बाबानं निरोप देला, का बाईले सांगजो, इले सासरी धाडाची घाई नाई. आधी चार दिवस माहेरी राहू द्या."

मी टोपली ओट्यावर ठेवली. अंगणात कोणी नाही असं पाहिलं, टाचा जुळवल्या, लुगड्याचा सोगा सावरला आणि सलाम ठोकला.