हरणाबाईच्या कुंपणावरचा घेवडा

म्हसवडच्या अलीकडं माळावर हरणाबाईचं घर आहे. घरामागं बोरीच्या काट्यांचं कुंपण, आणि यंदा त्यावर घेवडा असा माजला की काटा म्हणून दिसेना.

लग्न होऊन आली तेव्हापासून ती पावसाच्या तोंडाला तिथं बिया टोचायची. घेवडा, दोडका, तांबडा भोपळा. पण घर पडलं मेंढरं राखणाऱ्यांचं. दसरा झाला की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, वर कोंबड्या आणि कोकरं बसवायची आणि चाऱ्यामागं कोयनेकडच्या डोंगरातून कोकणात उतरायचं. तेव्हा वेलावर नुसती जांभळी फुलं असायची. पहिल्या वर्षी ती निघताना सारखी मागं वळून बघायला लागली, तेव्हा धुळा, तिचा नवरा, हसून म्हणाला होता, "फुलं बघितलीस न्हवं? शेंगा गावात ऱ्हाणाऱ्यांच्या."

परतून यावं तर कुंपणावर वाळकी काटकी लोंबत असायची.

गेल्या उन्हाळ्यात धुळाचे गुडघे धरले. मुलगा इंद्रजित सांगलीत टेम्पो चालवतो. त्याला मेंढरांमागं जायचं नव्हतं, आणि कुणी आग्रहही केला नाही. कळप भावकीत दिला. आणि यंदा घेवडा फुलावरून शेंगेवर आला तेव्हा हरणाबाई घरातच होती.

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी ती ओच्यात शेंगा तोडत होती. कोवळ्या वेगळ्या, बियांसाठी जून वेगळ्या. तेवढ्यात रस्त्यावरून घंटा वाजत आल्या. मेंढरांचा लोंढा, मागं लादलेलं घोडं आणि घोड्याचा लगाम धरून एक तरणी बाई. ती पाण्यासाठी थांबली. हरणाबाईनं तांब्या भरून दिला.

"आत्या, तुमचं बिऱ्हाड कवा निघणार?" बाईनं विचारलं.

"आमी आता न्हाई निघत, बाई."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच कसनुसं झालं. असं ती आजवर कुणापाशी बोललीच नव्हती. तिनं ओच्यातल्या शेंगा होत्या नव्हत्या तेवढ्या त्या बाईच्या पदरात ओतल्या आणि घंटा ऐकू येईनाशा होईपर्यंत रस्त्यात उभी राहिली.

मग परत वेलाला हात घातला. त्या शेंगांचं कालवण केलं, भाकरी थापली. धुळा ताट पुढ्यात घेऊन नुसता बसला.

"आज कुटं उतरतील गं?"

"गोंदवल्याच्या वड्याला. दुसरीकडं कुटं?"

"वड्याला पाणी आसंल यंदा." तो बोलायला लागला. पुढचा मुक्काम, त्यापुढचा, करंजाची सावली, कराडच्या पुढं भेटणारा ऊस. सगळी वाट चालून तो डोंगरापर्यंत पोचला तेव्हा हरणाबाई डोळे पुसत म्हणाली, "आवं, कालवण निवलं. जेवा आदी."

तो जेवला. मागून घेऊन जेवला.

पुढं तिनं भोपळे उतरवून माळ्यावर ठेवले, दोडक्याचा वाळका वेल ओढून काढला. जागा मोकळी झाली. पण थंडीत आपल्या घरामागं काय येतं, हे तिला कुठं ठाऊक होतं? थंडी तिची सगळी कोकणात गेलेली. तिनं सांगलीला सुनेला, पल्लवीला, फोन लावला.

"आत्या, मेथी टाका की," पल्लवी म्हणाली. "आन् पावटा. आमी दिवाळीला येतोय, तवर उगवून येतंय."

हरणाबाईनं कुदळ शोधली आणि धुळाला हाक मारली, "बाजलं हिकडं वढून बसा. वाफा सरळ येतोय का बघा जरा."