चार नंबरचे दोन लाल

गुणवत्ता या शब्दाचा मला मनापासून राग आहे, आणि गेली सहा वर्षं मी त्याच खात्यात नोकरी करते. कारखाना हुबळीबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत, व्हॉल्व्हचे सुटे भाग करणारा. मी संख्याशास्त्राची बी.एस्सी., धारवाडची. वडील हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात हातगाडी ओढायचे. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते.

आमच्या खात्याचे साहेब देशपांडे नगरात राहतात. कुठलंसं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले आणि भिंतीवर फळा लावला. प्रत्येक मशीनला एक रकाना, रोज एक चकती. माल मापात असला तर हिरवी, नसला तर लाल. ओळीने दोन लाल पडल्या की त्या मशीनवरचा कंत्राटी माणूस बंद. "मोजलं की सुधारतं," असं साहेब म्हणायचे, जसं काही तेच मोजणार होते. मोजायची मी. चकती लावायचीही मीच.

चार नंबरच्या लेथवर एक अक्का होती. उणकलची, कन्नड घरातली, पण मराठी आमच्यासारखंच बोलायची. अकरा वर्षं कंत्राटावर. मला तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. तिच्या मशीनवर बुशाचं भोक कापलं जायचं. बुश म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी. ते भोक तपासायला माझ्याकडे डायल गेज होता, आणि गेज शून्यावर आणायला एक पोलादी कडं. कड्याचं माप बरोबर, हे धरून चालायचं आणि बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघायचं.

खंडेनवमीला मालकांच्या आई स्वतः येतात. त्या वर्षीही आल्या. मापाची साधनं टेबलावर मांडली होती. त्यांनी तेलात बोट बुडवून एकेकाला हळद-कुंकू लावलं, कड्यालाही. आमच्याकडे हे कुंकू कुणी पुसत नाही, आपोआप जाईपर्यंत ठेवतात. लेथवरचं तर दिवाळीपर्यंत टिकतं. दसऱ्याची सुट्टी संपवून मी आले तेव्हा कड्याच्या काठावर लाल डाग दिसत होता. मी तो पुसला नाही. दुसऱ्या कुणी सहज पुसला असता. पण आम्ही बौद्ध. मी पुसलं असतं तर मापासाठी पुसलं असं त्या कारखान्यात कुणी म्हटलं नसतं. डागाला हात न लावता मी गेज आत घातला, शून्यावर आणला आणि कामाला लागले.

त्या दिवशी चार नंबरचा सगळा माल मोठा निघाला. भोक दोन शतांश मिलिमीटरने जास्त. मी लाल चकती लावली.

अक्का बुश आणि दांडा घेऊन माझ्या टेबलाशी आली. "हे बघ तंगी, दांडा घालून बघ. कसा सरकतोय बघ की. माझं मशीन बरोबर आहे. तुझं माप बघ."

"हाताचा अंदाज इथे चालत नाही, अक्का."

"अंदाज न्हवं गं. अकरा वर्षं झाली."

"आणि मी तीन वर्षं हेच शिकलेय. माप मला शिकवू नकोस."

तिने बुश आणि दांडा उचलला. म्हणाली, "बरं, मॅडम."

मशीनचं माप बदल असं साहेबांनी सांगितलं, तर तिने बदललं नाही. बरोबर असलेल्याला हात लावणार नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी परत लाल. संध्याकाळी साहेबांनी तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

तिसऱ्या दिवशी नवी बाई आली. तिने सांगितल्याप्रमाणे मशीन दोन शतांश खाली आणलं, आणि हिरवी पडली. साहेब फळ्यासमोर उभे राहून मला म्हणाले, "बघितलंस? माणूस बदललं की प्रक्रिया सुधारते."

त्यांचं हे वाक्य ऐकून माझं डोकं फिरलं, म्हणून मी तिन्ही दिवसांचे आकडे घेऊन बसले. निव्वळ त्यांना खोटं पाडायचं म्हणून. कागदावर ठिपके मांडले. माणूस चुकतो तेव्हा ठिपके विखुरतात, एक वर एक खाली. अक्काचे ठिपके एकाला एक चिकटून होते, सुट्टीआधी होते तसेच. फक्त सगळीच रांग दोन शतांश वर गेली होती. असं हाताने होत नाही. असं मापाने होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पूर्ण गुण मिळवून.

कड्याच्या आत बोट फिरवलं. बोट तांबडं झालं. तेल आणि कुंकू आतल्या भिंतीवर वाळून बसलं होतं. कडं तेवढंच लहान झालं होतं, म्हणून बरोबर असलेलं प्रत्येक भोक मोठं दिसत होतं. पुसून परत मोजलं. अक्काचा लाल माल तंतोतंत बरोबर. नव्या बाईचा हिरवा माल सगळा लहान, दांडा शिरेना.

साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"मालकांच्या आईंनी केलेल्या पूजेवर ढकलतेस?"

"पूजेवर नाही. कडं पुसलं नाही, त्यावर. मी पुसायला हवं होतं."

"तुमच्या लोकांना पूजेचं वावडं आहे, ते माहीत आहे मला."

"साहेब, आत दोन शतांश थर होता. जात मोजायचा गेज माझ्याकडे नाही."

तिथून मी थेट मालकांकडे गेले. माणूस व्यवहारी. त्यांनी स्वतः दांडा घालून बघितला आणि त्या हिरव्या मालाने भरलेली गाडी फाटकातून परत आणवली. "चांगलं पकडलंस," म्हणाले. अक्काचं विचारलं तर म्हणाले, ते साहेबांशी बोल.

साहेब म्हणाले, "नवी बाई लागलीय. तिला काढू का आता? आणि फळ्याचा फोटो गिऱ्हाइकाला गेलाय. लाल काढून हिरवी लावली तर ते उद्या प्रत्येक हिरवीवर संशय घेतील."

घेऊ देत की, असं मी म्हटलं. त्यांनी फायली उघडल्या.

रविवारी उणकलला गेले. अक्का ओट्यावर तांदूळ निवडत होती. बस म्हणाली नाही.

"तुझा माल बरोबर होता, अक्का. कड्यात कुंकू राहिलं होतं."

"मला माहीत आहे की माल बरोबर होता. मला काय सांगतेस? शेजारच्या कारखान्यात विचारायला गेले, तर म्हणाले, माल बिघडवलास म्हणून काढलंय तुला. तिथे सांग जा."

"माझं तिथे कोण ऐकणार?"

"मग लिहून दे."

"कारखान्याचा कागद मला मिळणार नाही."

"तुझा कागद दे. शिकलीयस न्हवं?"

तिने वही आणून दिली. कन्नडमध्ये लिही म्हणाली, तिकडचा मालक मराठी वाचत नाही. मी लिहिलं की मापाच्या साधनात दोष होता आणि ही बाई निर्दोष आहे. मोठ्याने वाच म्हणाली, वाचलं.

"साधनात दोष?"

"हो."

"आणि मी सांगितलं होतं माप बघ म्हणून, तेव्हा नको म्हणाली ती कोण? साधन बोललं होतं का?"

हा कागद साहेबांच्या हाती लागला तर माझ्याच कबुलीवर मला काढता येणार होतं, आणि ते तिलाही कळत होतं. ती तांदळातले खडे वेचत राहिली. घाई तिला नव्हती.

मी आणखी दोन ओळी लिहिल्या. हिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी शिकलेली म्हणून तिचं ऐकलं नाही.

"सही कर. शिक्षण पण घाल खाली."

केली, घातलं. चहा तिने विचारला नाही, आणि विचारला असता तर मी थांबले नसते.

पंधराएक दिवसांनी साहेबांनी मला आत बोलावलं. शेजारच्या कारखान्यातून फोन आला होता, अशी सही करणारी खरंच तुमच्याकडे आहे का म्हणून.

"कारखान्याच्या वतीने लिहून दिलंस?"

"माझ्या वतीने."

"परवानगी कुणाची?"

"कुणाची नाही."

ते बराच वेळ बोलत होते, शिस्त, विश्वास, तीन दिवसांचं प्रशिक्षण. मला अजून काढलेलं नाही, कारण मोजणारं दुसरं कुणी नाही. मी ऐकत उभी होते. शेवटी ते चिडून म्हणाले की आपल्या कामगार बायकांना आता हे शेजारचे कारखानेवाले फोडायला लागलेत, आणि अक्काला तिकडे काम मिळालं हे मला तेव्हा कळलं.